गुडघाभर पाण्याची जागा

चामराजपेट, बेंगळूर
श्रावणातला शेवटचा शुक्रवार

साडी परत पाठवली आहे. मल्लाप्पाच्या हातात पिशवी दिली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, यजमान रागावतील." म्हटलं, रागावू दे. बहिणीला गौरीची साडी द्यायला भावाला स्वतः यायला पाय नाहीत? ड्रायव्हर पाठवतोस! जे. पी. नगराहून चामराजपेटेला यायला काय बोट लागते? आणि साडीबरोबर निरोप. म्हणजे साडी निरोपाची, बहिणीची नव्हेच. आईनं पाहिलं असतं तर तुला उंबऱ्यावरूनच परत फिरवलं असतं.

चि. बिंदुमाधव यास वसुमतीअक्काचे आशीर्वाद. द्यायची पद्धत आहे म्हणून दिले. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे दुखतात, पण त्यात तुझा हात नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर मी मुद्द्यावर आले की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस.

निरोप काय, तर "स्मृतीला सांग, श्रीवत्सला तो काचेचा खेळ दाखवू नकोस." पोटच्या पोरानं काय बघावं न बघावं हे त्याला सांगायची छाती नाही, म्हणून माझ्या नातीला ताकीद. तीही माझ्याकडून. वा रे मर्दा!

खेळ म्हणालास ते मात्र खरं. मी परवाच बघून आले. मल्लेश्वरमच्या पुढे तिची संस्था आहे, मेट्रोनं नेलं मला. आत शिरले तर काय, एवढी मोठी इमारत, थंडगार हवा सोडलेली, आणि सगळी कशासाठी, तर वाळूसाठी. वाळू चाळतात, वाळू तोलतात, लोणचं भरावं तशी बरण्यांत भरून वर चिठ्ठ्या डकवतात. एका पोरानं वाळू ओतून ढीग केला. ढीग एका बाजूनं घसरला, तर चौघं जण कॉम्प्युटरकडे धावले, जसं काही घरात पाळणा हलला. मी म्हटलं, "काय गं, ढीग घसरला यात नवल कसलं?" तर म्हणाली, "अज्जी, नेमका कधी घसरेल ते कुणालाच नीट सांगता येत नाही." म्हटलं, सांगता येत नाही तर एवढी वर्षं शिकलीस काय? गवंड्याची बायको उन्हात चाळते, तू सावलीत चाळतेस, एवढाच फरक. हसली. तिला माझं काही लागत नाही. निबर आहे, माझ्यावर गेली आहे.

मग तिनं तो तुझा खेळ दाखवला. काचेची लांबच लांब पन्हळ. तळाशी वाळूचा थर, वरून एका टोकानं पाणी सोडलेलं. वरून बघितलं तर नुसतं पाणी वाहतंय. बाजूनं काचेतून बघितलं तर तळाची वाळू कण-कण उड्या मारत पुढे चाललेली. मी म्हटलं, ही कुठं निघाली? म्हणाली, "नदीची वाळू बसलेली नसतेच अज्जी, सारखी चाललेली असते. वरून येते तेवढी खाली जाते, म्हणून तळ जागेवर दिसतो." बरं, असेल. नळाखाली तांदूळ धुताना मीही एवढं पाहिलंय, पण त्याला कुणी मला खुर्ची दिली नाही.

तेव्हा मी तुझंच बोलणं तिला ऐकवलं. त्या वेळी गावी नदीच्या पायऱ्यांवर उभं राहून तू चारचौघांत म्हणाला होतास ना, "माझं वाळू उपसायचं काम खालच्या अंगाला, पायऱ्या वरच्या अंगाला. पाणी काय उलटं वाहतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बोलायला तू पहिल्यापासून पटाईत. कुठल्या वेळी ते लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

पन्हळीच्या खालच्या टोकाशी तिनं चमच्यानं वाळूत खड्डा केला. (चमचा माझ्या घरचा. किती दिवस शोधत होते.) आणि म्हणाली, "बघत बस." मी बसले. पाणी खड्ड्याच्या वरच्या काठावरून आत पडायला लागलं, पडता पडता काठ खायला लागलं. काठ ढासळला की मागचा काठ, तो ढासळला की त्याच्या मागचा. पाणी खाली चाललं होतं आणि खड्डा वर. पाण्याच्या तोंडावर चालून येत होता, बिंदू, न थांबता. मी बटव्यातून सुपारी काढली आणि बरीच वर, सपाट वाळूवर ठेवली. तिथं काही झालेलं नव्हतं. तिथं कुणी चमचा लावला नव्हता. सुपारी बराच वेळ नीट बसली होती. मग तिच्याखालचं सरकलं आणि गेली.

मी ती परत मागितली नाही.

आता लिहिते. लिहिणार नव्हते, पण साडी पाठवलीस तू. गौरीचं विसर्जन झालं की घरच्या सुनेनं गुडघाभर पाण्यात उतरायचं, तळाची मूठभर वाळू घ्यायची, पाटावर ठेवून घरी आणायची आणि धान्याच्या डब्यात टाकायची. तुझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच पायरीवरून उतरत होती. जागा तिच्या पायांना पाठ होती. गेल्या भाद्रपदात मूठभर वाळूसाठी वाकली आणि खाली वाळूच नव्हती. पाट तेवढा तरंगत राहिला. प्रमोदिनीला पोहता येत नव्हतं, आणि गुडघाभर पाण्यात कोण पोहतं?

तू काय म्हणालास? "गंगामातेनं ओटीत घेतलं." ओटी भरणं बायकांचं काम, तू कधीपासून शिकलास? आणि श्रीवत्सला सांगितलंस, शेवाळावरून आईचा पाय घसरला. पोरगा वर्षभर त्या पायऱ्या घासून घेतोय, ठाऊक आहे ना तुला? माणसं लावून, ब्रशनं. तू बघतोस आणि गप्प बसतोस.

मी म्हणत होते, अडाणी आहेस. वाळू विकून घर बांधलं, पण वाळू कशी चालते ते कळलं नाही, असं होतं माणसाचं. अडाण्याला मी माफ करते, स्वतःही अडाणीच आहे. पण काल मल्लाप्पाला कॉफी दिली. कॉफी चांगली झाली होती, बोलायला लागला. "अक्का, यजमानांनी पायऱ्यांपाशी दोनदा लॉऱ्या आणून भर टाकली. दोनदाही वाहून गेली. आता परवा परत टाकली. स्वल्प जास्तच टाकली या वेळी." एवढं बोलला आणि त्याचा पेला तोंडाशीच राहिला.

म्हणजे तुला कळलंय. शेवाळावर कुणी लॉरी ओतत नाही.

आणि ती भर कशाला? तर यंदा अंजली उतरणार. श्रीवत्सची बायको, घरची नवी सून, मूठभर वाळू आता तिनं आणायची. तू तिला सांगितलंस म्हणे, "तीच जागा, गुडघाभरच आहे, घाबरायचं काही नाही." दुसरी जागा सांगितलीस तर "का" म्हणून विचारतील, म्हणून तीच जागा. तोंड बंद राहावं म्हणून त्यावर वाळू ओतलीस, आणि वर असंही वाटत असेल की चला, पोरीसाठी केलं.

तर ऐक. ते मी कालच, मल्लाप्पा गेल्यावर, स्मृतीला विचारलं. संध्याकाळी परत घेऊन गेली मला. सुपारी गेली होती तिथं तिनं मूठ मूठ वाळू टाकली, चांगली दाबून, वर आली अशी. दिसायला झकास. माझं नाक पुसून होईस्तोवर ती खाली खड्ड्याकडे निघाली. मी म्हटलं, अजून टाक. तिनं टाकली. तीही गेली. "खालचा खड्डा आहे तोवर वरची भर राहणार नाही अज्जी," म्हणाली, "कधी जाईल ते सांगता येत नाही." तेच वाक्य, ज्याला मी हसले होते. या खेपेला हसले नाही.

तुझं खालचं काम अजून चालू आहे. ते बंद कर हे मी सांगायला नको, पण सांगते. बंद कर.

रविवारी श्रीवत्स आणि अंजली संस्थेत येणार आहेत. स्मृतीला मी पन्हळ झाकून ठेव म्हणणार नाही. उलट सुपारी माझ्याकडची देणार आहे, आणि शेजारी बसणार आहे. त्याच्या आधी श्रीवत्सला तुझ्या तोंडून खरं कळलं तर तो बापाकडून कळलेला मुलगा होईल. नाहीतर काचेतून कळलेला. कुठला हवा ते तू ठरव. रडू नकोस, रडून भर पडत नाही.

यंदा वाळू आणायची नाही. आमच्या डब्यातलं धान्य तिच्यावाचून किडलं तरी चालेल.

प्रमोदिनीची नणंद,
वसुमती

या पत्राला उत्तर मला नको. मल्लाप्पाच्या हाती नको, वकिलाच्या कागदावर नको. श्रीवत्स आणि अंजलीसमोर बसून द्यायचं, आणि तूच द्यायचंस.