काटा मधोमध

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून केला असता, पण तीन दिवस बॉनेटखाली वाकून कंबर धरली आहे, आणि खरं सांगायचं तर वाकायची इच्छाही नाही. तुझी तब्येत बरी असावी. वहिनीचा गुडघा कसा आहे? आईच्या डोळ्यांचं मात्र विचारत नाही. तुझं उत्तर मला पाठ आहे, की तिला सगळं स्वच्छ दिसतं, मीच उगाच काळजी करते. (मग डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख काय हौसेनं दिली होती?)

ती तारीख गेल्या महिन्यात हुकली आणि ती माझ्यामुळे हुकली, असं तू मावशीला सांगितलंस, आत्याला सांगितलंस. दोघींनी फोन करून मला यथेच्छ सुनावलं. एवढं आईला न्यायचं काम, तेही हिला जमू नये! म्हणून हे पत्र. फोनवर काही विचारलं की तुझा आवाज तुटायला लागतो. कागदाला ती सोय नाही.

तर बाबांची गाडी. बाबा गेल्यावर आई हट्टाला पेटली की गाडी धाकटीलाच द्यायची, आणि तू लगेच हो म्हणालास. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण लहानपणापासून तू मला साधं खोडरबरही सुखासुखी दिलेलं नाहीस. किल्ली हातात ठेवताना म्हणालास, गाडी एक नंबर आहे, तापमानाचा काटा कधी मधोमधचा हलत नाही. हलत नव्हता हे अगदी खरं. थंडीतल्या सकाळी, बॉनेटवर दव असताना, किल्ली फिरवली रे फिरवली की काटा मधोमध! मी बावळट, मला ते बाबांचे आशीर्वाद वाटले. सुरू होताना गाडी दम्याच्या पेशंटसारखी खोकायची, चौथ्या-पाचव्या खेपेला कशीबशी धडधडायची. पण शाळा दोन किलोमीटरवर. म्हटलं, म्हातारी झाली आहे, चालायचंच.

आमचा गॅरेजवाला माणूस भला आहे (भल्या माणसांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुणी केलेलं नाही). त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. इंजिन थंडगार आणि पडद्यावर ब्याऐंशी अंश. म्हणाला, कूलंटचा, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर गेला. बदलला. ब्याऐंशी. दुसरा घातला, ब्याऐंशी. तिसरा अस्सल कंपनीचा मागवला, त्यानंही ब्याऐंशीच सांगितलं. मग त्यानं हात झटकले आणि म्हणाला, ताई, चालतेय ना, चालू द्या. हा मंत्र ऐकून मी आईला ऑपरेशनसाठी तुझ्याकडून आणायला निघाले.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. घाटात दीड तास रांग. गाडी मुंगीच्या पावलानं. अचानक बॉनेटमधून भसाभसा वाफ! मी उडी मारून बाहेर. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला, वाफेत उभा राहून खिडकीतून आत डोकावला आणि मला धीर देत म्हणाला, काही नाही ताई, काटा मधोमध आहे. मी तुला फोन केला. तूही पहिलं तेच विचारलंस, काटा कुठे आहे? मधोमध म्हटल्यावर म्हणालास, मग काही झालेलं नाही, पाणी घाल आणि ये. दादा, ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. तुला ठाऊक होतं. त्या क्षणी, फोन कानाला लावून, तुला पक्कं ठाऊक होतं.

तू म्हणशील, कशावरून? सांगते. बावीस वर्षं मी शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. मुलं मागे मला मीटरबाई म्हणतात. गॅरेजमधून टाकून दिलेले दोन सेन्सर मी घरी आणले, चहाच्या पातेल्यात थर्मामीटरशेजारी सोडले आणि पाणी तापवत नेलं. पाणी तापेल तसा सेन्सरचा विद्युत रोध कमी होत गेला, अगदी पाठ्यपुस्तकात छापावा तसा. (आमचे हे पातेलं शोधत आले, आत बघितलं आणि बाहेर चहा प्यायला गेले.) म्हणजे बिचारे सेन्सर निर्दोष. मग गाडीतल्या तिसऱ्याचा प्लग काढला. प्लग निघाला की स्कॅनरनं उणे चाळीस दाखवायला हवं, वायर तुटली असं सांगायची त्याची ती रीत. पण प्लग माझ्या हातात लोंबतोय आणि पडद्यावर ब्याऐंशी! सेन्सर नसतानाही इंजिनाची तब्येत उत्तम! मग मी वायर चाचपत मागे गेले. बॅटरीच्या खाली काळ्या टेपचं एक गाठोडं हाताला लागलं. टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून. तसं टोक जगात एकच माणूस दुमडतो. आत सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी कापलेल्या आणि कॉम्प्युटरकडच्या वायरींना डाळीएवढा एक रेझिस्टर डकवलेला, ज्याचा रोध कधी बदलत नाही. इंजिन थंड असो की पेटलेलं असो, कॉम्प्युटरला कायम ब्याऐंशी. म्हणून त्यानं थंडीत पेट्रोल कमी सोडलं आणि घाटात इंजिन थंड करणारा पंखा लावलाच नाही.

का केलंस, तेही मला माहीत आहे. शेवटच्या वर्षी इंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागला की बाबा मला दिवसातून दहा फोन करायचे, गाडी गेली, गाडी गेली म्हणून रडकुंडीला यायचे. मग एके दिवशी फोन थांबले. दादानं ठीक केली, असं मला किती कौतुकानं सांगितलं होतं त्यांनी! बागेपर्यंत जायचे आणि परत यायचे, तेवढ्यात काय तापणार? त्यांच्यासाठी केलंस त्याबद्दल माझा राग नाही. खरंच नाही. पण मला किल्ली देताना एक वाक्य बोलायला तुझी जीभ झडत होती का? वाफ माझ्या तोंडावर आली, बोल माझ्या माथी आले, आणि आई अजून भिंत चाचपत न्हाणीघरात जाते.

लहानांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार, तुला काय लिहू ते सुचत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. चोवीस तारखेला सकाळी नऊची नवी वेळ मिळाली आहे. माझी गाडी इंजिन उघडून पडली आहे. आईला तू तुझ्या गाडीनं आणून सोड. एवढंच लिहायला बसले होते.

आणखी एक. आईला यातलं अक्षर सांगू नकोस. तिला दिवस तुझ्या घरात काढायचे आहेत, आणि तू मला अशी गाडी दिलीस हे कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही. मी तिला परवाच सांगितलं, गाडी झकास चालते, त्या दिवशी शाळेच्या परीक्षांत अडकले होते. ती इतकी हरखली की आता म्हणते, दवाखान्यात जाईन तर बाबांच्याच गाडीतून, नाहीतर ऑपरेशनच नको. तेव्हा तिला काय सांगायचं ते तू ठरव आणि मला लगेच कळव, म्हणजे दोघांचं सारखं येईल.