खोबऱ्याच्या काट्यावर सरदार

फोनुआमाका विमानतळ
(विमानतळ म्हणायचं म्हणून)
१२ जानेवारी १९८४

ती. सालेसीमामास,
केलेपीचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आज मिळालं. तुमच्या नुकुआलोफाहून आमच्या या बेटावर यायला विमानाला पाऊण तास लागतो, पत्राला तीन आठवडे लागले. का लागले ते पुढे सांगतो, हसू आलं तर हस.

तू चिकटवून दिलेली नोकरी झकास चालली आहे. पत्र्याचं छप्पर, खाली एक बाक, बाकावर कुत्रा. कुत्रा उठला की प्रवासी बसतात. धावपट्टी म्हणजे गवत; विमान यायच्या आधी त्यावरची डुकरं मी काठीने हाकलतो. परदेशात, सुव्याच्या कॉलेजात दीड वर्ष भूमिती शिकलो, ती आता डुकराला कुठल्या कोनातून गाठावं यासाठी उपयोगी पडते. आमचे साहेब उइली. विमान आठवड्यातून दोनदा येतं, पण साहेब टोपी रोज घालतात. परवा देवळात प्रार्थनेलाही ती डोक्यावर होती, तेव्हा पाद्रीबुवांनी खुणेने उतरवायला लावली.

कंपनीचा काटा खाऱ्या वाऱ्याने गंजला, म्हणून खोबऱ्याच्या गोदामातला आणून ठेवला आहे. विमान लहान, तेव्हा बोचकी तोलायची तशी माणसंही तोलायची. मी दांड्यावरचं वजन सरकवून आकडा ओरडतो, साहेब लिहितात, गोरा वैमानिक बेरीज करतो. पण आमचे सरदार निघाले की सगळं वेगळं. सरदारांना काट्यावर चढवायचं नाही आणि त्यांच्याहून जड माणूस विमानात असता कामा नये. म्हणून साहेब त्या दिवशीचा सगळ्यात जाडा प्रवासी बघतात आणि सरदारांचं वजन त्याच्याहून चांगलं वरचढ लिहितात. मान राखायचा ना! नाताळाआधी सरदारांच्या परतीच्या विमानात दुकानदार फालानीसी होता. फालानीसी म्हणजे चालतं घर. तुमच्याकडच्या विमानतळावरचा साहेबही आमच्याच बेटाचा, त्याने सरदारांना त्याच्याही वर चढवलं. कागदावर दोन देवमासे झाले, वैमानिकाने डोकं धरलं आणि टपालाची थैली खाली उतरवली. तिच्यातच तुझं पत्र होतं, सुट्ट्या संपेपर्यंत तिथेच पडून. खरे सरदार तर वाळक्या केळीच्या पानासारखे झालेत, रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईमुळेच ते जाड दिसतात. पण हे म्हणायचं कुणी?

आता खरी गोष्ट. माझ्या शेजारची अलिसी सुव्याला नर्सिंगच्या शाळेत चालली, दोन फेब्रुवारीच्या विमानाने. ते चुकलं तर हजर व्हायची तारीख टळते आणि जागा दुसरीला जाते. मी तिला म्हणालो, सुव्याच्या दवाखान्यात घाण वास येतो. ती म्हणाली, तुझ्या तोंडून जे बाहेर पडतं त्यापेक्षा तो बराच बरा असेल. मी म्हणालो, तिथे काय ठेवलंय? ती म्हणाली, काही नसेल, पण मी सुरू केलेलं पुरं करून येईन. मामा, असं कुणी बोलतं का? चार रात्री झोप नाही मला. मनातलं तिला सांगितलेलं नाही. डुकरं हाकलणाऱ्याने काय सांगायचं?

आई बरी आहे. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो टपालाच्या थैलीसारखा मध्येच उतरवू नये, ही वि.

तुझा
केलेपी

* * *

नुकुआलोफा, धक्का गोदाम
२० जानेवारी १९८४

चि. केलेपीस,
अ. आ.

पत्र पोचलं. मामीने दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा टोपीपाशी हसली.

भाच्याने मामाच्या ताटातलं मांस उचललं तरी मामाने हसायचं, ही आपली रीत मी पाळत आलो. माझी कोंबडी गेली, सायकल गेली, लग्नातला कोट गेला. एवढं सगळं उचललंस, थोडी अक्कलही उचलली असतीस तर बरं झालं असतं. कॉलेज सोडलंस ते कशासाठी, तर मास्तर तुझ्या उच्चाराला हसला म्हणून. अरे, मला या धक्क्यावर वीस वर्षं हसतात. मी रोज जेवतो, तेही पोटभर.

त्या झोपडीला नावं ठेवतोस, ठेव. उइलीच्या टोपीला ठेव. पण तुझ्या पत्रात ज्या पोरीचं नाव आलं, तिच्याबद्दल तुला वाईट एक शब्द सुचला नाही, हे मामीने बरोबर हेरलं. ती म्हणते, पोरगा गेला कामातून.

धक्क्यावर ऐकलं की सरदार बैठकीसाठी त्याच गुरुवारी निघणार आहेत, आणि फालानीसीही माल घ्यायला. म्हणजे तुमचा कागद पुन्हा फुगणार. तुला एकच विचारतो. अलिसीची जागा गेली तर बरं, असं तुझ्या मनात येतं का? उत्तर मला नको, स्वतःला दे. आणि त्या दिवशी आकडा ओरड, बाकी तोंड बंद ठेव. सरदारांच्या जमिनीवर तुझी आई राहते, अलिसीचा बापही तिथेच कोनफळं लावतो.

अलिसी मध्ये एक रात्र इथे थांबेल तेव्हा आमच्याकडेच उतरेल, तिच्या आईने कळवलं आहे. मामी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून मांस शिजवणार आहे. तुला नाही.

लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून आहे, हे आ. सह कळावे.

सालेसीमामा

* * *

फोनुआमाका
३ फेब्रुवारी १९८४

ती. मामास,
सा. न. पण वि. वि. करायला डोकं ताळ्यावर नाही.

नोकरी गेली. साहेबांनी अंगातला कंपनीचा सदरा तिथल्या तिथे काढून घेतला. उघडा घरी आलो. वाटेत पोरं हसली.

सगळं तुझ्या धक्क्यावरच्या बातमीसारखंच झालं. सरदार आले, सोबत त्यांची म्हातारी आत्या निरोप द्यायला. फालानीसी काट्यावर चढला तेव्हा काटा कण्हला. साहेबांनी सरदारांना वाकून नमस्कार केला आणि त्यांना फालानीसीच्या वर नेऊन बसवलं, कागदावर. वैमानिकाने बेरीज केली, मान हलवली, एक बोट वर केलं. एक माणूस खाली. साहेबांनी प्रवाशांवरून नजर फिरवली. सरदार नाही, सरदारांचा कारभारी नाही, दुकानदार नाही, पाद्रीबुवांची बायको नाही. राहिली कोनफळवाल्याची पोरगी.

मामा, तू विचारलं होतंस ना? येत होतं मनात. रोज येत होतं. आणि आता मला काहीच करायचं नव्हतं! नुसतं गप्प राहायचं होतं. जन्मात पहिल्यांदा गप्प राहून मला काहीतरी मिळणार होतं.

अलिसी रडली नाही, भांडली नाही. पेटीवर बसली आणि गळ्यातल्या फुलांच्या माळा एकेक काढून आईच्या हातात द्यायला लागली. आई घेत होती. बाप दुसरीकडे बघत होता, जणू गवतात काही हरवलंय. सगळे कसे शहाण्यासारखे उभे! कुणाला काही वाटत नव्हतं, कारण हे असंच असतं. माझं टाळकं सटकलं.

मी ओरडलो की सरदार फालानीसीहून जड असतील तर मी डुक्कर आहे. ओरडलो की ही अलिसीसुद्धा त्यांच्याहून जड भरेल, आणि तिचा आकडा पुन्हा सगळ्यांना ऐकवला, दोनदा. लोक मटकन खाली बसले, जमिनीकडे बघत. कारभारी माझ्यावर धावून आला. साहेबांची टोपी पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. वैमानिकाला काही कळेना. तो केळं खात उभा राहिला.

 तेव्हा सरदारांची आत्या काठी टेकत पुढे आली. आपल्याकडे बापाच्या बहिणीपुढे राजाचंही चालत नाही, तिथे सरदार काय! ती म्हणाली, चढ रे बाळ, माझ्याने उन्हात उभं राहवत नाही. आणि साठीचा माणूस खोबऱ्याच्या काट्यावर चढला.

मी वजन सरकवलं. फालानीसीच्या खुणेवरून मागे, कारभाऱ्याच्या मागे, पाद्रीबुवांच्या बायकोच्या मागे. दांडा उचलेचना. अलिसीच्याही मागे गेलो तेव्हा कुठे तो हलला, तेही कमरेच्या चटईसकट. मला वाटलं होतं मी जिंकल्यावर ओरडेन. मी नुसता बाजूला सरकलो. आत्याने आकडा वाकून पाहिला, सरदारांच्या मनगटावर हात फिरवला आणि कारभाऱ्याला म्हणाली, बैठक गेली चुलीत, याला उतरल्याबरोबर दवाखान्यात ने.

अलिसीला जागा मिळाली. चढताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसलं होतं मला कळलं नाही. मग विमान उडालं, आणि मीच तिला घालवलं.

आता गाव म्हणतो, इफीच्या पानांची माळ घालून सरदारांच्या दाराशी बस आणि क्षमा माग. मी बसणार नाही! खरं बोलल्याची क्षमा कसली? सगळ्या गावाने माझ्या दाराशी बसावं.

लोभ असल्यास कळव, नसल्यास तेही.

केलेपी

* * *

नुकुआलोफा
८ फेब्रुवारी १९८४

चि. केलेपीस,
आ. देतो, कारण मामा आहे, नाइलाज आहे.

पाहुणी येऊन गेली. अलिसीने मामीचं शिजवलेलं दोनदा वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा तुला शिव्या घातल्या. म्हणाली, माझं वजन त्याने सगळ्या बेटाला दोनदा ऐकवलं. एकदा भागलं नसतं का? मामी म्हणाली, पोरी, भरलेलं अंग म्हणजे घरची शोभा. ती म्हणाली, शोभा असेल, पण ती ओरडायची गोष्ट आहे का?

मग ताटं उचलल्यावर मामीपाशी दुसरं बोलली. ते मी दाराआडून ऐकलं, मामाच्या वयाला न शोभणाऱ्या रीतीने. ती म्हणाली, माळा काढत होते तेव्हा मी काट्याकडे बघत नव्हते, केलेपीच्या तोंडाकडे बघत होते. मला ठाऊक होतं त्याला मी जायला नको आहे. तो गप्प राहिला असता तर मी घरी आले असते, त्याच्या कुंपणाशेजारी जन्म काढला असता आणि त्याच्याशी पुन्हा शब्द बोलले नसते. मामीने विचारलं, आणि आता? तर म्हणाली, आता बोलावं लागेल, करणार काय? पण पत्रातून नाही. कॉलेजातून पाठवायचा त्या पत्रांत अर्ध्या ओळी शिव्यांच्या असायच्या. बोलायचं असेल तर समोर येऊन बोलू दे.

ऐकलंस? आता माझं ऐक. तू खरं बोललास. पण ते खरं तुला सरदारांसाठी बोलायचं नव्हतं. आजारी माणसाला तू गावापुढे उघडा पाडलास, आपल्या कामासाठी. त्याबद्दल पानं घालायची. ते डॉक्टरांच्या ताब्यात आहेत, परतले की जा. अलिसीच्या बापाला जमीन सोडायचा निरोप येईल अशी इथेही कुजबुज आहे. ती तिकडे रोगी पुसेल आणि इकडे तिचा बाप रस्त्यावर बसेल, ते तुझ्या ताठ मानेपायी. मान इतकी ताठ असेल तर पानांची माळ तिच्यावर शोभून दिसेल.

मामीचा आ. माझाही, उरला असेल तर.

सालेसीमामा

* * *

फोनुआमाका
१७ मार्च १९८४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दाराआडून ऐकणारा मामा मला मिळाला, हे माझं नशीब. तुझं ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही, तू मामीला सांगशील.

सरदार मंगळवारी परतले. मी पानं घातली. इफीची पानं खाजतात, हे कुणी आधी सांगत नाही. दाराशी मान खाली घालून सकाळपासून बसलो. माणसं येत-जात होती, माझ्यावरून नजर नेत होती, जशी बाकावरच्या कुत्र्यावरून नेतात. उइली साहेब आले, टोपी घालून, आणि मला वळसा घालून आत गेले. मनात शिव्या येत होत्या, त्या एकेक गिळल्या. पोट भरलं.

उन्हं उतरल्यावर सरदार स्वतः बाहेर आले. अजून हाडंच आहेत, पण डोळ्यांत तेज आलंय. माझ्यासमोर खाली बसले. सरदार! खाली! मग म्हणाले, दोन वर्षं मी वाळत होतो आणि तुमचा कागद मला फुगवत होता. जड माणसाला कुणी विचारत नाही की बाबा जेवलास का. डॉक्टर म्हणाला, आणखी सहा महिने असेच गेले असते तर तुम्हाला तोलायची गरजच उरली नसती. मग विचारलं, पोरा, माझी तब्येत बघून मला काट्यावर चढवलंस का?

हो म्हणालो असतो तर देव झालो असतो, मामा. शब्द जिभेवर आला होता. मी म्हणालो, नाही, अलिसीची जागा जात होती म्हणून. तुमची मला पर्वा नव्हती.

आत कारभारी खोकला. सरदार इतके हसले की त्यांना धाप लागली. त्यांनी आपल्या हाताने माझ्या गळ्यातली पानं काढली, म्हणजे विषय संपला. अलिसीच्या बापाच्या जमिनीचं विचारलं तर म्हणाले, कोनफळं बरी आहेत त्याची, मला आता खायची आहेत. साहेबांना हुकूम झाला की यापुढे सरदारांना सगळ्यात आधी तोलायचं. साहेबांनी मला सदरा परत देऊ केला. मी घेतला नाही. त्याला बटणंही नव्हती.

उद्या रविवार, परवा खोबऱ्याची बोट सुटते, तिच्यातून निघतो. नुकुआलोफाला तुझ्याकडे एक रात्र, मग सुवा. कॉलेजवाले परत घेतील की हसतील ते बघू. हसले तर तुझ्यासारखा जेवेन. आई रडते आहे आणि चटया बांधते आहे. सरदारांनी भाजलेलं डुक्कर पाठवलं, निरोपही पाठवला की हे माझ्याहून जड आहे, शंका असेल तर तोलून घे.

एकच अडचण आहे, मामीला विचारून ठेव. दहा दिवस रोज समुद्रावर जाऊन बोलून बघतो आहे. हे विमानतळ, तो साहेब, सुव्याचा मास्तर, सगळ्यांबद्दल तासभर बोलता येतं. पण ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हं, बोल, तर पहिला शब्द कुठला असतो? शिव्यांखेरीज मला काही येत नाही, मामा.

लोभ आहे का हे आता विचारत नाही. बोटीवर घ्यायला ये.

तुझा
केलेपी