डोक्याला तेल लावून केलेला उपास

बेलापूर,
मंगळवार, दुपार

प्रिय साडूभाऊ सुनीलराव यांस बन्सीचा प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? सावेडीच्या त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट सुरू झाली, की सोसायटीच्या बैठका अजून चालूच आहेत? धाकट्या मेहुणीबाई सुशीला यांची शुगर ताब्यात असेल असं धरून चालतो. इकडे मुक्ता आणि मी, आम्ही दोघं नवराबायको प्रभुकृपेने सुखरूप आहोत. मी तर सुखरूपच्याही थोडा वर आहे, कारण आमच्या चर्चच्या मंडळीने एकमताने (आसाराम त्रिभुवन खोकले, पण खोकला म्हणजे काही विरोध नव्हे) नगरच्या जिल्हा संमेलनासाठी माझं नाव पाठवलंय. विषय आहे 'देवाची भूक', आणि व्यासपीठावरून स्वतःच्या अनुभवाची साक्ष देणार मी. तुम्ही संमेलनाच्या कमिटीवर आहात, म्हणून तुम्हाला सविस्तर कळवतो. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि काही गोष्टी अख्ख्या बिल्डिंगने ऐकायच्या नसतात.

ही निवड उगाच झालेली नाही. आमचे नवे पाळकसाहेब, अमृत नावाचे, वयाने लहान पण आवाजाने मोठे, एका रविवारी म्हणाले की आपण देवाच्या दारात येतो ते पोटभर जेवून, ढेकर देत येतो. भुकेने कोणी येतच नाही. मग त्यांनी सुचवलं की आठवड्यातून एक दुपारचं जेवण सोडा, तेवढा वेळ देवाजवळ बसा, आणि कोणाला सांगू नका. माझं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या काट्यावर गेलं. वजनातली तूट मला लांबून दिसते. मंडळीत भुकेची तूट होती हे मी कधीच ओळखलं होतं. ती भरून काढायला मी पुढे झालो आणि बुधवार धरला.

आता आपल्या पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे की उपास करणाऱ्याने तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे उपास लोकांना दिसत नाही. मी शास्त्राबाहेर जाणारा माणूस नाही. माझ्या डोक्यावर केस किती हे तुम्ही जाणताच (तुमच्या लग्नातल्या फोटोत मी टोपी घातलेली आहे, ती त्याचसाठी), त्यामुळे खोबरेल तेल मुरायला जागाच नव्हती. सगळं वरच राहिलं. उन्हात स्टँडकडे निघालो तर चहावाल्याने हात डोळ्यांवर धरला आणि विचारलं, आज काही विशेष? मी म्हणालो, छे, कुठलं विशेष. पण असं म्हणालो की विशेष आहे हे त्याला कळावं. दोनतीन बुधवारांत गावाला माहीत झालं: लोखंडे चमकले की समजावं, आज उपास.

मग जे व्हायचं तेच झालं. आसाराम त्रिभुवन, आमचे खजिनदार, शुक्रवारी तेल थापून आले. त्यांना केस भरपूर, त्यामुळे कॉलर पिवळी. (मी स्पर्धा करत नाही, फक्त नोंद करतो.) त्यांच्या मागोमाग सगळे पुरुष सुरू झाले. आठवड्याच्या मध्येच प्रार्थनासभा, त्यामुळे देवळातल्या मागच्या भिंतीवर, बाकाच्या वर, डोकी टेकून टेकून तेलाच्या गोल डागांची रांग उमटली. पाळकसाहेबांनी ती बघून कपाळाला हात लावला, भारावले असावेत. सगळ्यांत वरचा डाग माझा आहे. मी ताठ बसतो. बायकांच्या बाजूला मात्र काहीच फरक दिसेना. त्या नेहमीसारख्या तेल लावून, चापूनचोपून वेण्या घालून येत होत्या. त्यांच्यात भुकेची वानवा आहे, असं मी कमिटीत सखेद सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत माझं नाव ठरलं.

आता गेल्या बुधवारचं. मी पडवीत, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने, खुर्चीवर डोळे मिटून बसलो होतो. मुक्ता स्वयंपाक उरकून मधल्या खोलीत दार लोटून होती. झोपली असेल म्हटलं. बाराच्या सुमारास आतून बाजरीच्या भाकरीचा वास यायला लागला. उपासाला पाणी चालतं, म्हणून मी फक्त पाणी प्यायला आत गेलो. तांब्याशेजारी दुरडी, दुरडीत दोन भाकरी, मेथीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. मी भाकरीची कड मोडली ती केवळ गरम आहे का हे बघायला. पुढचं मला नीटसं सांगता येत नाही. एवढंच आठवतं की भाजी संपल्यावरही ठेचा उरला होता आणि तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटलं. मग दुरडीवर झाकण ठेवलं, तोंड पुसलं आणि परत खुर्चीवर उपासाला बसलो.

थोड्या वेळाने मागच्या दाराशी छबूबाई आली, हातात ताट घेऊन. ही आमच्या आळीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. आमच्या मंडळीतली नाही, पण येणंजाणं आहे. मुक्ताने बाहेर येऊन झाकण उचललं तर आत काही नाही. मी पडवीतूनच सांगितलं की मांजर येऊन गेलं. छबूबाईने दुरडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मांजर लई शिस्तीचं दिसतंय," ती म्हणाली. "झाकन ठिवून गेलं."

 मुक्ताने पीठ काढलं आणि पुन्हा तवा चढवला. तिचा हात भरभर चालत होता. तेवढ्यात छबूबाईने मला सांगितलं:

"दर बुधवारी ह्या सोता जेवत न्हाईत, अन् त्यांच्या वाटची भाकर मला देत्यात. तुमी घरातच ऱ्हाता, तुमाला ठावं न्हाई व्हय?"

म्हणजे बघा सुनीलराव, माझ्या उपासाच्या दिवशी मी माझ्या बायकोचा उपास खाल्ला. माझा उपास सुरू होण्याआधी ती दर बुधवारी "तुमी जेवा, मी मागून बसते" म्हणायची आणि मी कधी मागे वळून बघितलं नाही. छबूबाई गेल्यावर मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, थोरल्याच्या जन्माआधीपासून, तेव्हा छबूबाईच्या जागी दुसरं कोणी असायचं. मी विचारलं, कशासाठी? ती तवा पुसत होती.

"पोट भरलं की मी कामाला लागते अन् तो राहून जातो," ती म्हणाली. "भूक लागली म्हंजी त्याची आठवन व्हती. मग बसते जरा त्याच्यापाशी."

आणि तेल? तेल तर ती रोजच लावते.

मला लाज वाटली, हे मी तुम्हाला सरळ लिहितो. पण लाजेच्या पाठोपाठ असा अभिमान वाटला की छातीत मावेना. अख्ख्या जिल्ह्याच्या मंडळ्यांत अशी दुसरी बाई दाखवा. आणि तिला पसंत कोणी केलं? मी. (आपल्या सासऱ्यांनी मला पसंत केलं असं तुम्ही म्हणाल, पण होकार मीच दिला होता.) असा योग ज्याच्या घरी, त्याच्या साक्षीला वेळही तशीच हवी. तरी सकाळची द्यावी. जेवणानंतर लोक पेंगतात.

आपला,
बन्सी याकोब लोखंडे

ता. क. वरची शेवटची तीन वाक्यं लिहिली नाहीत असं समजा. माझं नाव खोडा. मुक्ता साक्ष द्यायला उभी राहणार नाही, पण प्रार्थना करा म्हटलं तर ती कोणाला नाही म्हणत नाही. तेव्हा माझ्या साक्षीच्या वेळेला तिला व्यासपीठावरून प्रार्थना करायला सांगा. यामागचं कारण कोणाला सांगू नका. तिला चालणार नाही.

ता. क. २. संमेलन बुधवारी आहे आणि ती म्हणते, मग छबूबाईला भाकर कोण देणार? मी म्हणालो, मी. ती हसली. म्हणून हे पत्र, खरं तर. सुशीलाबाईंना, माझं नाव न घेता, विचारून कळवा: बाजरीच्या पिठाला पाणी कोमट घ्यायचं की कढत? आणि थापताना कड फाटते ती का फाटते? हे स्पीकरवर विचारण्यासारखं नाही.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं, आज बुधवार. सराव म्हणून छबूबाईची भाकरी मी केली. तिने अर्धी खाल्ली, पाणी प्यायली आणि काळजीने विचारलं, "मुक्ताबाई बऱ्या हायेत ना?" उरलेली अर्धी मात्र पदरात बांधून नेली. घरात आलो तर दुरडी रिकामी, हाताला चटका आणि पोटात भूक, खरीखुरी. मुक्ता मधल्या खोलीत बसली होती. मी दार लोटलं आणि तिच्या शेजारी बसलो. देवाशी काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही. पहिल्यांदाच सांगत नाहीये, याची कमिटीने नोंद घ्यावी. तेलही लावलेलं नव्हतं.