वराहांचा आहार आणि तुझं बिनवासाचं अत्तर

वडनेर भोलजी

सुगंधाधिपती खुर्शीदभाई यांस तुळशीरामचा नमस्कार. तुझे गुडघे आणि संग्रामपूरचं दुकान, दोन्ही अजून उभी असतील अशी आशा आहे. तक्रार अशी, की परवाच्या ईदला तू पाठवलेल्या खसच्या अत्तराला वासच नाही. शाळेपासूनच्या मैत्रीत तू पाणी मिसळलंस, हे मी मनाला लावून घेतलं आहे. (पुढचं नसीमावहिनींसमोर मोठ्यानं वाचू नकोस, विषय वराहांचा आहे.)

आमच्या घरामागे प्रसेनजितनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, डुकरं पाळली आहेत. वास असा, की सुभद्रा दारं लावून स्वयंपाक करते. मी भांडायला गेलो आणि शंका घेऊन परतलो: डुकरं तीच, मग कालचा वास आजच्यासारखा का नाही? तो म्हणाला, खाणं बदललं की वास बदलतो. शास्त्रात गंध हा पृथ्वीचा गुण सांगितला आहे. इथे तो सोयाबीनच्या पेंडीचा निघाला. अंगाला लागेल त्याहून पेंड जास्त झाली, की उरलेली दर्प होऊन बाहेर पडते म्हणे. मग आम्ही दोन कप्पे केले. एकात भरपूर पेंड. दुसऱ्यात पेंड कमी, मका आणि कोंडा जास्त. रोज सकाळी वास घेऊन मी दर्पाला दहापैकी गुण द्यायचे (तीस वर्षं संस्कृतचे पेपर तपासल्यावर माणूस कशालाही गुण देऊ शकतो). पहिल्या आठवड्यात पेंडीला नऊ, कोंड्याला पाच. तिसऱ्या आठवड्यात कोंड्याला शून्य. मी पेढे वाटले. चौथ्यात पेंडीलाही शून्य, तेव्हा मी वारा फिरल्याचा सिद्धान्त मांडला. प्रसेनजित हळूच म्हणाला, “सर, मले तं येऊन राह्यला.” त्याच्या नाकाला अभ्यास नाही, असं मी त्याला समजावलं.

घरी आलो तर दारं लावलेलीच. सुभद्रा माझ्याकडे बघत राहिली. “काऊन हो, तुमाले खरंच वास येत नाही?” सवय झाली, असं सांगून मी जेवायला बसलो. (भाजी जळली होती, हे मला तिनंच सांगितलं.)

तुझा
तुळशीराम

ता. क. काल सुभद्रेनं तुझी कुपी उघडली, तर शेजारच्या रुक्मिणीबाई अत्तर कोणी आणलं म्हणून विचारत आल्या. तक्रार मागे घेतो. प्रसेनजितनं स्वतः गुण दिले: पेंडीला नऊ, कोंड्याला पाच. प्रयोग पास, परीक्षक नापास.

आणखी एक. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, दोन वर्षांनी आमची नावं. सोमवारी बुलढाण्याला डॉक्टरांकडे जातो आहे. सुभद्रेला सांगितलेलं नाही. तू बरोबर ये. मला भीती वाटते.