भाड्याच्या कुंड्या

प्रिय आनंदी,

जयभीम. परवा फोनवर तू भलताच प्रश्न टाकलास. मी लग्नाचं विचारलं, तर तू म्हणालीस, भगवंत, तुला घरात माणूस हवंय की स्वयंपाकाला बाई? मी हॅलो, हॅलो, आवाज येत नाही म्हणत फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, तुला कळलं असणारच. सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेतही तू गुरुजींना असंच उलट विचारायचीस. आपले दोघांचेही जोडीदार गेले, मुलं आपापल्या संसारात रमली, म्हटलं आता विचारायला काय हरकत आहे. उत्तर देतो, पण आधी आमच्या मिलमध्ये काय तमाशा झाला तो वाच. त्याशिवाय माझं उत्तर तुझ्या गळी उतरायचं नाही.

कडोदऱ्याच्या आमच्या डाइंग मिलला परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचा निरोप आला. आता नुसतं कापड चांगलं असून भागणार नाही, तुमचं ईएसजी तपासणार. म्हणजे धूर-पाणी कसं सोडता, कामगारांना कसं वागवता आणि कारभार सरळ आहे की नाही. नापास झालात तर ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे रात्रपाळी बंद, आणि फोल्डिंगमध्ये घड्या घालणाऱ्या निम्म्या बाया घरी. आमचे शेठ घाबरले, पण गुजराती माणूस घाबरला तरी चालशे, म्हणजे चालेल, म्हणतो. पर्यावरणासाठी त्यांनी नर्सरीतून कुंड्या भाड्याने ठरवल्या. समाजासाठी तक्रारपेटी आणली आणि स्टोअरकीपर असलेल्या मला एका सकाळीत तिचा प्रमुख केलं. कारभारासाठी संचालक मंडळावर एक स्वतंत्र बाई हवी होती, तर त्यांनी चक्क आपल्या सासूबाईंना बसवलं. कंचनबा कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, यापेक्षा स्वतंत्र बाई मी कुठून आणू, असं शेठचं म्हणणं. मी काय बोलणार, कपाळ!

पेटी बसवायच्या दिवशी शेठनी हौसेने तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. तिथेच सगळं फिसकटलं. दुसऱ्या दिवशी कामावर येणारा प्रत्येक जण आधी पेटीच्या पाया पडायला लागला. बिहारचे, ओडिशाचे, आपले खानदेशातले, कोणी म्हणून सुटलं नाही. कोणीतरी उदबत्ती लावली. चपला काढायची जागा ठरली. मी घसा खरवडून सांगत होतो, अरे बाबांनो, ही तक्रारीची पेटी आहे, देवी नाही. तर बॉयलरवरचा उखा मलाच दटावतो, भगवंतभाऊ, तुम्ही मानत नाही तर मानू नका, पण निदान तिच्यासमोर तरी बोलू नका. आणि चिठ्ठ्या म्हणशील तर पेटी दाबून भरली होती. सगळे नवस!

तपासणीला मुंबईहून जागृती नावाची एक मुलगी आली, आपल्या पोरींच्याच वयाची. आली ती एक दिवस आधी, न कळवता. फाटकात कुंड्यांचा टेम्पो उतरत होता. प्रत्येक कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी, परत कधी न्यायची ती तारीख लिहिलेली, आणि निम्म्या कुंड्यांना आदल्या रात्रीच्या लग्नाच्या सोनेरी फिती तशाच. शेठ म्हणाले, ही झाडं आमच्याकडे लहानपणापासून आहेत. त्या पोरीने एक फीत सोडवून त्यांच्या हातात दिली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग तिने पेटी उघडायला लावली. मी डोळे मिटून घेतले. एकीने लिहिलं होतं, माताजी, बायकांच्या संडासाला आतून कडी लागू दे, तुला ओटी भरीन. दुसरीने फोल्डिंगमधल्या बंद पंख्यासाठी शनिवार धरला होता. उखाने बॉयलरची राख डोळ्यांत जाऊ नये म्हणून बोकड कबूल केला होता. जागृती वाचता वाचता हसली, मग चिठ्ठ्या नीट रचून ठेवल्या. म्हणाली, इतर ठिकाणी पेटी रिकामी असते नाहीतर एकाच अक्षरात मालकाची स्तुती असते, इतक्या खऱ्या तक्रारी मी कुठे पाहिल्या नाहीत. मला तेव्हा उमगलं, शेठच्या नावाने लिहायला जी माणसं भितात, ती देवीकडे मोकळेपणी मागतात गं. शेवटी तिने कंचनबांना बोलावून विचारलं, तुम्ही शेठना कधी विरोध केलाय का? बा म्हणाल्या, मुलगी दिली त्या दिवसापासून तेच तर करतेय, आणि आता सांगते, बायांना कडी आजच्या आज लागली पाहिजे. संध्याकाळच्या आत कडी लागली. नातेवाईक म्हणून बांचं नाव मंडळावरून काढायला लावलं, कुंड्यांवर फुली पडली, पण सुधारायला सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि रात्रपाळी वाचली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी खिचडी टाकली आणि तुझा प्रश्न पुन्हा कानात वाजला. आनंदी, स्वयंपाक मला येतो. शेवभाजी तर तू बोटं चाटशील अशी करतो. पण मी मीठ विसरलो तर विसरलास म्हणणारं इथे कोणी नाही. मी म्हणेन ती पूर्व दिशा, अशा घरात फार कंटाळा येतो गं, आणि एकटंही फार वाटतं. मला तूच हवीस, तीही माझ्याशी भांडणारी. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. भुसावळहून गाडीत बस आणि गोडादऱ्याला माझं घर बघायला ये. फक्त कधी येतेस ते कळवू नकोस. कळवलंस तर मीही कुंड्या आणीन, माझा काय भरवसा. गॅलरीत एक जास्वंद आहे, अर्धी वाळलेली. ती माझी स्वतःची आहे.

तू हो म्हणालीस तर तुझाच,
भगवंत