करंगळी ऐकत नाही

४ मार्च
आज पुन्हा! करंगळी गिटारच्या तारेपर्यंत पोचलीच नाही. मी दाबतेय — आणि ही नुसती उभी, बोलावणं ऐकूच न आल्यासारखी. आमच्या बँडच्या दणक्याने ड्रम थांबवले. "झोप झालेली दिसत नाही तुझी!" हो म्हटलं. झोप चांगली झाली होती.

६ मार्च
दिवसभर खोके कापायच्या मशीनवर. खटाक्-खट्-खट्, खटाक्-खट्-खट्. लोक विचारतात, हेवी मेटल संगीत वाजवायला कुठे शिकलीस? इथेच! उजव्या हाताला ताल लावला तो या मशीनने. क्लास कसला अन् गुरू कसला! रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे धूळ खात पडलेली गिटार घेतली, दांडी तडकलेली. तारा सारख्या तुटायच्या म्हणून सगळ्याच सैल सोडल्या, तर आवाज खाली गेला, जाड झाला, पोटात घुमायला लागला. मागाहून कळलं, मेटलवाले मुद्दामच तसं करतात! कॅसेट मागेपुढे करून एकेक तुकडा उचलला. फीत झिजली, पण गाणं बोटांत उतरलं.
त्याच बोटांत आज मुंग्या.

९ मार्च
नव्या गाण्यात करंगळीला कामच ठेवलं नाही. तिचा स्वर गाळला, तिथे नुसती पोकळी. दणक्या उठून उभाच राहिला. "अगं, काय भयानक झालंय हे! काटा आला अंगावर. सुचलं कसं तुला?"
सुचलं म्हणे!

१२ मार्च
रेडिओ स्टेशनचा माणूस मुलाखतीला आला होता. कोणाचा प्रभाव, कोणाला ऐकलं — परदेशी बँडची नावं धडाधड सांगितली. मग त्याने विचारलं, "घरात संगीत होतं का?"
होतं. बाबा कारखान्यात लेथ चालवायचे आणि संध्याकाळी अकॉर्डियन. मी आणि धाकटी बहीण पायाशी बसून त्याच्या भात्याचं श्वास घेणं बघायचो. मग एक दिवस त्यांनी तो माळ्यावर टाकला. परत हात लावला नाही. "बाबा रुसलेत," आई म्हणायची. कशावर, ते कोणी सांगितलं नाही. पुढे लेथही सुटलं. मग बाबाच गेले.
यातलं काही बोलले नाही. "होतं थोडंफार," एवढंच. तो खूश! माझा डावा हात टेबलाखाली.

१७ मार्च
शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सुईने टोचलं, हातोडी मारली, बोटं फाकवायला लावली. अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरलंय म्हणाल्या. मला दिसलंच नव्हतं! "घरात आणखी कोणाला असं होतं?"
"नाही."
लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "घरी नीट विचारा."

१८ मार्च
आई इस्त्री करत होती. सरळच विचारलं — "बाबा कशावर रुसले होते गं?"
इस्त्री शर्टावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने उचलली.
"रुसले नव्हते. बोटं उचलेनात त्यांची. तुझ्या आजोबांचंही असंच झालं होतं. पोरींना कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली मला."
मग माझा हात ओढून घेतला. उलटासुलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी बोट दाबलं. तिला कळलं.
मी ओरडले. "आधी सांगितलं असतंस तर!"
"तर काय? गिटार धरली नसतीस?"
दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज, अगदी बारीक — "धाकटीला इतक्यात सांगू नकोस. बाळंतपण तोंडावर आलंय तिचं."

२१ मार्च
दणक्याला सांगून टाकलं. ड्रमच्या काड्या हातात फिरवत म्हणाला, "हात चालतोय तोवर सगळं रेकॉर्ड करून टाकू." मग वाजवायला बसलो. इतके हळू ड्रम त्याने कधी वाजवले नव्हते. मी रागावले — "जोरात वाजव की!" त्याच्याच्याने होईना.

२६ मार्च
धाकटीला मुलगी झाली. दोघी सुखरूप! इवलीशी मूठ आवळलेली. धाकटीने ती हळूच उलगडून दाखवली.
"ताई, बोटं बघ हिची! लांबसडक — अगदी तुझी!"
खोलीतले सगळे हसले. आई आणि मी सोडून.