पाटीवरचे बहात्तर सेकंद

सोमवार, ३ तारीख

आधी आले हवालदार भाऊजी. सांगितलं होतं दहाला, माणूस साडेनऊला दारात! फौजेत ह्यांच्याबरोबर पळायचे, पण तिथे म्हणे कायम मागे. आता त्याची भरपाई करतात. माझी वेणीसुद्धा झाली नव्हती. मग मैदानावरच्या धावण्याच्या क्लबचे सेक्रेटरी आले, जिना चढून धापा टाकत. मग पाट्या रंगवणारा पेंटर. ह्यांना जाऊन वर्ष होईल, तर मैदानाच्या दारावर ह्यांच्या नावाची पाटी लावायची म्हणे. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. बिचारे प्यायले तसाच.

थोरल्या लेकाने माझी जुनी वही काढून दिली. रोज सकाळी ह्यांनी मैदानाची एक फेरी पळायची, मी गळ्यात ते बटणाचं घड्याळ अडकवून रेषेवर उभी, आणि घरी आल्यावर आकडा वहीत लिहायचा. तिसरीत शाळा सुटली माझी, पण आकडे पक्के. सेक्रेटरींनी पानं उलटली आणि खुर्चीतून उठलेच — सहासष्टाव्या वर्षी बहात्तर सेकंद! हाच आकडा पाटीवर. वर म्हणाले, वहिनी, आता मीही बहात्तर गाठून दाखवणार. भाऊजींचं मात्र लक्षच नाही. बिस्किट चहात विरघळून गेलं तरी पत्ता नाही.

मी वही उचलून पदराखाली घेतली.

मंगळवार, ४

सकाळपासून दोघा भावांची जुंपलीय. थोरला म्हणतो आधी ‘उद्योजक’ लिहा, धाकटा म्हणतो ‘धावपटू’. त्यात लेकीचा फोन — ‘कुटुंबवत्सल’ राहिलं! कुटुंबवत्सल म्हणे. पोरं कितवीत आहेत ते ह्यांना कधी धड सांगता आलं नाही. एकदा धाकट्याला आणायला गेले ते भलत्याच वर्गात जाऊन बसले. पण खरं ते लिहावं — लेकीचा पाय मोडला तेव्हा तीन महिने तिला पाठीवर घेऊन शाळेत पोचवली, तीही पळत. एक दिवस उशीर नाही.

आणि उद्योजक म्हणजे काय, तर शिड्यांचा कारखाना. स्वतः वरच्या पायरीवर चढून दोन उड्या मारल्याशिवाय शिडी दाराबाहेर जायची नाही. दोनदा आपटले. चूक शिडीची, आपली नव्हेच! एवढा माणूस एका पाटीत कोंबायचा, त्यावर पोरांची भांडणं. आणि तो मेला आकडा!

बुधवार, ५

लिहूनच टाकते. ते बहात्तर खोटे आहेत.

साठीला गुडघ्याचं दुखणं झालं आणि ह्यांची फेरी लांबायला लागली. आकडा वाईट आला की दिवस गेलाच समजा. कारखान्यात प्रत्येक शिडी वाकडी, घरात भाजी खारट, सून दिसली की तिने दार नीट लावलेलं नाही. कारखान्यातला सुतार मला येऊन विचारायचा, वहिनी, आज कितीत पळाले? म्हणजे त्याला दिवसाचा अंदाज! म्हणून एकदा हे रेषेवर पोचायच्या जरा आधीच मी बटणावर अंगठा दाबला. एकच सेकंद. तर माणूस शीळ घालत घरी!

मग मला हाव सुटली. दोन, तीन, चार. साठीत पळाला नाही एवढा जोरात सहासष्टाव्या वर्षी पळाला हा माणूस, आणि एवढी शिकली-सवरलेली मंडळी, एकालाही शंका येऊ नये?

गुरुवार, ६

पेंटरचा फोन. आकडा पक्का ना? म्हटलं, ऐकू येत नाही. ठेवून दिला.

शुक्रवार, ७

सून बाहेरून ऐकून आली. आपले सेक्रेटरी बहात्तरच्या नादात पळता पळता मैदानातच बसले. दोघांनी उचलून बाकावर नेलं. आता बरे आहेत, पण छातीच्या गोळ्या चालू असलेला माणूस! पाटी लागली तर असे किती म्हातारे त्या आकड्यामागे पळतील?

थोरल्याला सगळं सांगितलं. भडकला. “आई, बाबांची लाज जाईल. तू एक शब्द बोलायचा नाहीस.”

मी म्हटलं, “जायची तर माझी जाईल. अंगठा माझा होता.”

त्याच्यासमोरच भाऊजींना फोन लावला आणि बोलून टाकलं. तर म्हणाले, “वहिनी, उद्या येतो. तुमची एक वस्तू माझ्याकडे आहे.”

शनिवार, ८

भाऊजींनी आणली ती खिशात मावेल एवढी डायरी, ह्यांनीच त्यांच्याकडे ठेवायला दिलेली. अक्षर ह्यांचं. भाऊजी मैदानाच्या पलीकडे उभे राहून आपल्या घड्याळात वेळ घ्यायचे — ह्यांनीच सांगितलेलं. पानावर दोन रकाने, एकावर ‘खरी’, दुसऱ्यावर ‘घरची’. त्या दिवशीची खरी शहात्तर, घरची बहात्तर. खाली लिहिलंय: ‘आज तिने चार दिले. तिला कळू द्यायचं नाही.’

सहा वर्षं! आणि वर शीळ घालायची!

थोरल्याने ते पान दोनदा वाचलं. मग त्यानेच सेक्रेटरींना फोन करून पाटीवर शहात्तर लिहायला सांगितलं. डायरी भाऊजींना परत दिली नाही. पुढच्या रविवारी सगळे पाटी घेऊन येतो म्हणालेत, दहाला. म्हणजे भाऊजी साडेनऊला.